स्मिता पाटील : एका नटीची पहिली शाळा

कीर्ति मिळविलेल्या माणसावर हक्क सांगण्याची हौस प्रत्येक गांवाला आणि प्रत्येक प्रांताला असते. आमच्या धरणगांवाला ती बालकवींच्या बाबतींत निर्विवादपणें भागवितां येते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० सालीं येथेंच जन्मले, आणि १९०७ सालीं जळगांवीं भरलेल्या कविसंमेलनांत त्यांना ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. तापी ओलांडून शिरपुराकडे गेलें, कीं दुसरें एक नांव तितक्याच अभिमानानें उच्चारिलें जातें. तें स्मिता पाटील यांचें. तेथें मात्र हक्काचा दावा जरा जपून मांडावा लागतो. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे पुढारी; स्वातंत्र्याच्या लढ्यांत उतरलेले, पुढें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळांत काम केलेले आणि २०१३ सालीं पद्मभूषण या किताबानें गौरविलेले. पण स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला, शालेय शिक्षण पुण्यास झालें, आणि कर्तृत्व फळाला आलें तें मुंबईस. खानदेशानें त्यांना घराणें दिलें. कला त्यांनीं दुसरीकडे मिळविली.

ती कला त्यांना मिळाली कोठें, हा या लेखाचा विषय आहे. स्मिताबाईंचें चरित्र आजवर बहुधा दोन तऱ्हांनीं सांगितलें जातें. एक तऱ्हा पारितोषिकांची : ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांतील कामांबद्दल दोनदां राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ सालीं पद्मश्री, इत्यादि. दुसरी तऱ्हा अकालीं मृत्यूची : वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं झालेला अंत आणि त्यावर ढाळलेले अश्रु. दोन्हींत खोटें कांहीं नाहीं. परंतु दोन्हींत नटी कशी घडली हा प्रश्न बाजूलाच राहतो. माझ्या मतें त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मुंबई दूरदर्शनच्या वृत्तवाचनाच्या मेजाशीं गेलें पाहिजे. स्मिता पाटील या चित्रपटाच्या नटी म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी त्यांचा चेहरा लोकांनीं प्रथम पाहिला तो दूरदर्शनवर. आणि तेथें त्या अभिनय करीत नव्हत्या, बातम्या वाचीत होत्या.

त्या काळचें दूरदर्शन म्हणजे काय होतें, हें आजच्या तरुण वाचकांच्या लक्षांत येणें कठीण आहे. हिंदुस्थानांत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला, आणि पुढें तेरा वर्षें ही नवलाई दिल्लीपुरतीच राहिली. मुंबईस वरळीचें केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. दुसऱ्या वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्याला तीं चित्रें दिसूं लागलीं. बाकीचा बहुतेक महाराष्ट्र अंधारांतच होता. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साह्यानें खेड्यांतून दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांत सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेडीं निवडलीं होतीं. पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या भागांत हें यंत्र घरोघर पोंचलें तें १९८० नंतरच्या दशकांत. म्हणजे ज्या वेळीं शिरपूरच्या पाटलांची मुलगी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत रोज संध्याकाळीं दिसत होती, त्या वेळीं खुद्द शिरपुरांत ती कोणालाच दिसत नव्हती. खानदेशाशीं तिची भेट झाली ती पुढें, चित्रपटगृहाच्या पडद्यावर.

वडील मंत्री झाल्यामुळें पाटील कुटुंब मुंबईस आलें. एका स्नेह्यानें काढलेलीं छायाचित्रें दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं, आणि त्यांतून वृत्तनिवेदिकेचें काम मिळालें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. वय अठराच्या आसपास. विजारीवरच घाईघाईनें साडी गुंडाळून त्या बातम्या वाचावयास बसत, ही आख्यायिका तर सर्वतोमुखीं आहे. ती लोक गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यांत त्या कामाचें मर्म दिसतें. दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका कमरेच्या वर तेवढीच दिसते. तिला रंगमंचावर चालावयाचें नसतें, हातवारे करावयाचे नसतात, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेंकावयाचा नसतो. प्रखर दिव्यांच्या उजेडांत, समोरच्या यंत्राच्या निर्जीव भिंगाकडे पाहून, दुसऱ्यानें लिहिलेला मजकूर अशा रीतीनें वाचावयाचा, कीं ऐकणाऱ्याला आपल्याशींच कोणी बोलत आहे असें वाटावें. मजकूर अपघाताचा असो कीं सत्काराचा, चेहऱ्यानें शब्दाच्या पुढें धांवावयाचें नाहीं, आणि शब्दाच्या मागेंही राहावयाचें नाहीं. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्यानें चूक झाल्यास ती पुसून पुन्हा करण्याची सोय नव्हती. चेहऱ्याचा संयम शिकविणारी याहून कडक शाळा मला माहीत नाहीं.

या शाळेचें महत्त्व केवळ कलेपुरतें नव्हतें. त्याला एक सामाजिक बाजूही होती, आणि सुशिक्षित कुटुंबांनीं ती विशेष ध्यानांत घ्यावयास हवी. हिंदुस्थानी चित्रपटांत स्त्रीनें प्रथम काम केलें तें १९१३ सालीं, दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रांत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनीं तें धाडस केलें, तेव्हां सभ्य समाजानें त्यांच्याकडे पाठ फिरविली. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामतीच्या वेषांत दिसल्या, तेव्हां एका प्रतिष्ठित घरची सुशिक्षित स्त्री या व्यवसायांत आली म्हणून केवढा गाजावाजा झाला! त्यांच्यामागून हंसा वाडकर आल्या. घरच्या अडचणीपायीं अगदीं लहान वयांत त्यांना चित्रपटांत ढकलण्यांत आलें. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर राम जोशी’, ‘सांगत्ये ऐका’ असे एकाहून एक यशस्वी बोलपट त्यांनीं केले, आणि तरीही स्वतःच्या संसाराचा अगर मिळकतीचा ताबा त्यांच्या हातीं कधीं आला नाहीं. म्हणजे १९१३ पासून साठ वर्षें लोटलीं, तरी मध्यमवर्गाच्या घरांत ‘मुलगी नटी होणार’ हें वाक्य उच्चारणें कठीणच होतें.

वृत्तवाचनानें या अडचणीतून नकळत वाट काढली. बातम्या वाचणें हें सुशिक्षितपणाचें लक्षण. शुद्ध मराठी, स्वच्छ उच्चार, नीटनेटकी साडी. आईबापांना अभिमान वाटावा असेंच तें काम. वृत्तनिवेदिका कुटुंबाच्या दिवाणखान्यांत येई ती पाहुणी म्हणून, आणि सर्व मंडळी एकत्र बसून तिच्याकडे पाहत. चित्रपटगृहाच्या अंधारांत नटीकडे पाहणें आणि घरच्या दिव्याखालीं वृत्तनिवेदिकेकडे पाहणें यांत फार अंतर आहे. तें अंतर स्मिताबाईंनीं उलट दिशेनें कापलें : आधीं घरांतल्या माणसांच्या परिचयाचा चेहरा झाला, आणि मग तोच चेहरा पडद्यावर गेला. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार आणि आईवडिलांचा समाजकार्याचा वारसा यांमुळें त्यांच्या घरचें वातावरण आधींच मोकळें होतें, हें खरें. पण मोकळ्या घरालाही समाजाच्या डोळ्यांची जाणीव असते. हंसाबाईंना या व्यवसायांत लोटलें गेलें, आणि स्मिताबाई आपल्या पायांनीं चालत गेल्या. या दोन वाक्यांमध्यें मराठी स्त्रीच्या एका पिढीचा इतिहास आहे.

श्याम बेनेगल हे त्या वेळीं नव्या चेहऱ्यांच्या शोधांत होते. दूरदर्शनवरील या मुलीकडे त्यांचें लक्ष गेलें, आणि १९७५ सालीं ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटांत त्यांनीं तिला काम दिलें. त्याआधीं पुण्याच्या चित्रपटसंस्थेंतील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या छोट्या चित्रांत तिनें काम केलेलें होतें. पुढें ‘निशांत’ आणि ‘मंथन’ हे दोन चित्रपट लागोपाठ आले. ‘मंथन’ हा गुजराथेंतील दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवरचा. पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून त्याचें भांडवल उभें केलें. त्यांतली बिंदू ही स्मिताबाईंची भूमिका. चित्रीकरण पाहण्यास आलेल्या मंडळींना गांवच्या बायकांत बसलेली नायिका ओळखतांच आली नाहीं, अशी हकीकत सांगितली जाते. ती शब्दशः खरी मानली नाहीं, तरी चित्रपट पाहतांना तिची सत्यता पटते. बिंदू दाराच्या चौकटींत नुसती उभी राहते, पाहते, आणि दोन शब्द बोलून आंत वळते. एवढ्यांत तिची अस्मिता, तिचें दारिद्र्य आणि परगांवच्या माणसाविषयीं तिच्या मनांत उमललेला विश्वास हीं तिन्ही आपल्याला समजतात. नाटकाच्या तालमींत वाढलेल्या नटाला हें साधण्यास जुन्या पुष्कळ संवयी मोडाव्या लागतात. स्मिताबाईंना त्या संवयी कधीं लागलेल्याच नव्हत्या.

या घडणीची खरी कसोटी १९७७ सालच्या ‘भूमिका’ या चित्रपटांत लागली. तो हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकानें आपल्या वाचकांत केवढी खळबळ उडविली, हें जुन्या मंडळींना आठवत असेल. हंसाबाई १९७१ सालीं वारल्या. त्यांचें जिणें पडद्यावर उभें करण्याचें काम आलें तें बावीस वर्षांच्या, सर्वस्वीं निराळ्या घरांत वाढलेल्या मुलीकडे. काम दुहेरी होतें. चित्रपटांतली नायिका स्वतःच नटी असल्यानें तिचे जुन्या बोलपटांतले प्रसंग दाखवावे लागत. तेथें जुन्या वळणाचे हावभाव, ठसक्याचे उच्चार, लावणीचा तोरा हें सर्व हवें. आणि त्याच नटीचे घरांतले प्रसंग आले, कीं हा सारा साज उतरवून कष्टी, हट्टी, एकाकी बाई उभी करावयाची. हे दोन अभिनय एकमेकांपासून वेगळे राखणें हेंच त्या भूमिकेचें मर्म होतें. जुन्या ढंगाची नक्कल त्यांनीं इतक्या नेटकेपणानें केली, कीं तिच्यामुळेंच नंतरची शांतता अधिक बोलकी होते. हंसाबाईंच्या पिढीचा अभिनय आणि स्मिताबाईंच्या पिढीचा अभिनय यांची तुलना ज्याला करावयाची असेल, त्याला दोन्हींचे नमुने या एकाच चित्रपटांत मिळतील.

येथें आणखी एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. स्मिताबाईंच्या मोठ्या भूमिका मोजल्या, तर त्यांतल्या किती तरी मराठी पुस्तकांतून आलेल्या आहेत. ‘भूमिका’ हंसाबाईंच्या आत्मकथनावरून. ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून. ‘चक्र’ जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरून. ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून. ठाकर वस्तींतली चिंधी, मुंबईच्या झोपडपट्टींतली अम्मा, आणि स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक होण्यासाठीं सासरचा उंबरठा ओलांडणारी सुलभा महाजन; या तिघींची भाषा, चाल आणि जात निराळी. पण तिघींनाही स्मिताबाईंनीं एकाच नियमानें वागविलें : आधीं मजकूर समजून घ्यावयाचा, आणि चेहऱ्यानें त्यावर आपली टीका करावयाची नाहीं. सुलभा घर सोडते तेव्हां ती बरोबर कीं चूक, हें नटी आपल्याला सांगत नाहीं. म्हणून तर १९८२ सालीं तो चित्रपट पाहून आलेल्या घरांतून नवराबायकोंचे वाद रंगले. बातमी वाचणाऱ्यानें स्वतःचें मत चेहऱ्यावर आणूं नये, हा धडा येथें अभिनयाच्या कामीं आला असें मी समजतों.

कोणी म्हणेल, कीं हा तर्क फार ताणलेला आहे. बातम्या पुष्कळांनीं वाचल्या, त्या सर्व नटी कोठें झाल्या? आक्षेप रास्त आहे. शाळा एक असली तरी विद्यार्थी सारखे निघत नाहींत. स्मिताबाईंना जात्याच लाभलेला करारी, सांवळा, रुंद डोळ्यांचा चेहरा, पुण्यांतील चित्रपटसंस्थेच्या परिसरांतले मित्र, आणि बेनेगल, जब्बार पटेल यांसारखे दिग्दर्शक यांचा वाटा मोठा आहेच. माझें म्हणणें एवढेंच, कीं या चेहऱ्याला पहिली मान्यता दूरदर्शननें दिली. गोऱ्या रंगाचा आणि नाजुक बांध्याचा जो दंडक व्यापारी चित्रपटांनीं घालून ठेविला होता, तो कृष्णधवल पडद्यावरील वृत्तनिवेदिकेला लागू नव्हता. तेथें पाहणाऱ्यानें तिचे डोळे पाहिले आणि शब्द ऐकले. याचा उलट पुरावाही आहे. १९८२ सालीं ‘नमकहलाल’सारख्या लोकरंजनाच्या चित्रपटांत त्या आल्या, तेव्हां त्यांचें हें शांत सामर्थ्य तेथें निरुपयोगी ठरलें. पावसांतल्या नाचगाण्याला नजरेचा संयम घेऊन काय करावयाचें? त्याच वर्षीं ‘उंबरठा’ आणि ‘अर्थ’ही आले. एका वर्षाच्या या तीन चित्रांची तुलना केली, तर तिची कला कोठें फुलते आणि कोठें कोंडते हें ताबडतोब कळतें.

आणि दूरदर्शनशीं त्यांचा संबंध केवळ आरंभापुरता राहिला नाहीं. १९८१ सालीं सत्यजित राय यांनीं प्रेमचंदांच्या कथेवरून ‘सद्गति’ हें तासाभराहून लहान चित्र खास दूरदर्शनसाठीं केलें. चांभार दुखी म्हणजे ओम पुरी, ब्राह्मण म्हणजे आमचे मोहन आगाशे, आणि दुखीची बायको झुरिया म्हणजे स्मिता पाटील. उपाशीपोटीं ब्राह्मणाचीं लांकडें फोडतां फोडतां दुखी मरतो. भूमिका त्याची आहे, झुरियाच्या वांट्याला थोडेच प्रसंग येतात. नवऱ्याचें प्रेत पावसांत पडलें असतां बंद दाराशीं ती जो आक्रोश करते, तो ज्यांनीं ऐकला आहे त्यांना विसरतां येणार नाहीं. आठ-नऊ वर्षांपूर्वीं याच माध्यमांतून एक तरुणी निर्विकार चेहऱ्यानें देशांतल्या घडामोडी सांगत असे. दारिद्र्य आणि जुलूम यांच्या वार्ताही तिनें तशाच वाचल्या असतील. ‘सद्गतीं’त वार्ता ज्या माणसाची असते, त्या माणसाच्या जागीं ती जाऊन बसली. दूरदर्शनची नटी म्हणून त्यांचें नांव इतिहासांत नोंदावयाचें, तर तें या लहानशा चित्राच्या आधारें नोंदावें.

१३ डिसेंबर १९८६ रोजीं, मुलाच्या जन्मानंतर दोन आठवड्यांनीं, मुंबईस स्मिताबाईंचा अंत झाला. ‘मिर्च मसाला’ हा त्यांच्या उत्तम कामांपैकीं एक चित्रपट लोकांसमोर आला तो १९८७ सालीं. बालकवि १९१८ सालीं भादली स्थानकाजवळ आगगाडीखालीं गेले, तेव्हां त्यांचें वय अठ्ठावीसही पुरें नव्हतें. आणि त्या अपघाताची चर्चा करणारे लोक त्यांच्या कविता वाचणारांपेक्षां आजही अधिक भेटतात. स्मिताबाईंच्या बाबतींत तेंच होऊं पाहत आहे. अकालीं गेलेल्या माणसाचें मरण सांगण्यास सोपें असतें. काम समजून घेण्यास श्रम पडतात. खानदेशाला या नांवाचा अभिमान बाळगावयाचा असेल, तर त्यानें ते श्रम घ्यावे. जयंतीच्या दिवशीं प्रतिमेला हार घालण्याऐवजीं गांवच्या वाचनालयानें ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘बेघर’ हीं पुस्तकें मुलामुलींच्या हातीं द्यावीं, आणि त्यानंतर ते चित्रपट दाखवावे.

या कामांत एक अडचण कायमची राहणार आहे. २०२४ सालीं ‘मंथन’ची जुनी प्रत दुरुस्त करून ती फ्रान्समध्यें कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आली, अठ्ठेचाळीस वर्षांनंतर बिंदू पुन्हा ताजी होऊन लोकांपुढें उभी राहिली. चित्रपटाची फीत जपली तर असा पुनर्जन्म होऊं शकतो. पण वरळीच्या त्या खोलींतून थेट प्रक्षेपित झालेल्या बातम्या कोणी जपावयाच्या? त्या काळीं चित्रफीत महाग असे; एकीवरचा कार्यक्रम पुसून तीवर दुसरा घेण्याची सर्रास रीत होती, आणि रोजच्या बातम्यांचें मोल रोजच्यापुरतेंच समजलें जाई. ज्या शाळेंत ही नटी घडली असें मी म्हणतों, त्या शाळेंतल्या धड्यांची वही अशा रीतीनें हवेंत विरून गेली आहे. इतिहासकाराला मूळ लेख हरवल्यावर त्याच्या उत्तरकालीन प्रतींवरून पाठ ठरवावा लागतो. येथेंही बिंदू, उषा, सुलभा आणि झुरिया यांच्या चेहऱ्यांवरूनच त्या पहिल्या चेहऱ्याचा अंदाज बांधावयाचा आहे.